सन्मानाने घरी पाठवलेला माणूस

३ फेब्रुवारी

ढब्बूस, आत्याचे आशीर्वाद.

परवा फोन झाला. मी विचारलं त्या प्रत्येक गोष्टीला तू "हो गं आत्या, होईल गं" म्हणालास आणि हसलास. म्हणून हे पत्र. यापुढे या कामाबद्दल जे बोलायचं ते कागदावर. कागदावर नुसतं हसून भागत नाही, काहीतरी लिहावं लागतं.

आता नीट वाच. तुला या देशातून हाकललं तेव्हा घातलेल्या बंदीची मुदत संपली. पण म्हणून दार उघडलं असं समजू नकोस. दार ठोठावता येईल, इतकंच. वकिलातीत अर्ज करायचा, मागचं सगळं खरं सांगायचं आणि बायकोमुलीकडे परत येऊ द्या अशी विनंती करायची. मी इथल्या एका वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "चूक माफ होते, खोटं माफ होत नाही. एक गोष्ट खोटी निघाली तर हा दरवाजा कायमचा बंद समजा." हे वाक्य पाठ कर.

मागचं सगळं म्हणजे काय, ते तू सोयीने विसरशील म्हणून मीच लिहिते. तुझ्या इथे राहायच्या परवान्याची मुदत संपली. तू नवा काढला नाहीस. आज काढू, उद्या काढू. लग्न झालं, मुलगी झाली, तू सोफे शिवतोच आहेस आणि परवाना तसाच. शेवटी मालकाने तुला खुर्च्यांच्या गाद्या बदलायला पाठवलं, ते नेमकं परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत. दारावरच्या शिपायाने ओळखपत्र मागितलं आणि तू ते मुदत संपलेलं पुढे केलंस. आपल्या पायांनी, आपली हत्यारं घेऊन वाघाच्या गुहेत खुर्च्या शिवायला गेलेला आपल्या घराण्यात तू पहिलाच.

सूनबाई बस चालवते, घर चालवते, आणि तक्रारीचा चकार शब्द काढत नाही. चिमणीचे पुढचे दात पडले ते तू फोनवर पाहिलेस. नवे आलेले तरी समोर बसून बघ.

तुझ्या वागणुकीबद्दल दोन प्रतिष्ठित माणसांची पत्रं लागतील. अर्ज देण्याआधी सगळ्याच्या प्रती मला पाठव. एजंटच्या वाटेला जाऊ नकोस.

आत्या

—

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या, तुला नमस्कार आणि तुझ्या धाकाला साष्टांग नमस्कार.

अर्ज देऊनसुद्धा आलो! तुला आधी दाखवायचा होता, मान्य. पण त्या दिवशी अंगात कामाचं वारं शिरलं होतं, आणि माझ्या अंगात ते कितीदा शिरतं हे तुला माहीत आहे. ते वाया घालवणं जिवावर आलं. अर्जात सगळं खरं लिहिलंय, कचेरीतल्या खुर्च्यांसकट.

आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं पत्र जोडलंय. त्यांनी बंद पाकीट दिलं, मी तसंच वकिलातीच्या खिडकीत दिलं. त्याची प्रत आत्ता कंपाउंडर देऊन गेला. टपाल निघायची वेळ झाली आहे म्हणून न वाचताच सोबत टाकतोय, पण डॉक्टरांची भाषा म्हणजे काय विचारतेस! दुसरं पत्र मोठ्या बाई देणार आहेत. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. त्या म्हणाल्या, विचार करून लिहिते.

बाकी मजेत. पुढच्या खोलीत माझं दुकान, मागच्या खोलीत मी आणि अण्णा, आणि मधल्या खोलीत लोकांचे उघडे पडलेले सोफे. अण्णांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. रोज संध्याकाळी कॅरम खेळतात, हरले तर जेवत नाहीत, जिंकले तर जेवू देत नाहीत, इतकं बोलतात. लोक विचारतात, "काय रे, सुट्टी संपली नाही का अजून?" मी म्हणतो, "साहेब सुट्टीवरून सोडतच नाहीत." मग ते हसतात, मीही हसतो.

चिमणीला सांग, बाबा येतोय.

ढब्बू

—

१ मार्च

ढब्बूस,

आशीर्वाद नंतर, आधी डॉक्टरांचं पत्र. तू वाचलं नाहीस. मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा चष्म्यावर विश्वास बसला नाही. तुझ्यासाठी उतरवून देते:

"सदर गृहस्थ परदेशातील सेवेतून दीर्घ रजेवर आले असून, तेथील शासनाने त्यांच्या कार्याची कदर म्हणून विमानाचे तिकीट स्वखर्चाने काढून, सोबत दोन अधिकारी देऊन, विमानाच्या दारापर्यंत सरकारी वाहनाने सोडून त्यांस सन्मानाने घरी पाठवले."

सन्मानाने! अरे, ते दोन अधिकारी तू पळू नयेस म्हणून होते!

आता विचार कर. अर्जात तू लिहिलंस की मला हाकललं. त्याच अर्जाला टाचलेलं पत्र म्हणतं की तुला ओवाळून पाठवलं. वाचणाऱ्या साहेबाला वाटेल, एकतर हा खोटारडा आहे, नाहीतर आमची थट्टा करतो आहे. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, वकिलातीने विचारायच्या आत यानेच कळवलं पाहिजे.

म्हणजे तू तिथे गावभर सुट्टीवर आहेस तर! फोनवर मला हे कधी कळलं नसतं.

आधी डॉक्टरांकडे जा, खरं सांग, नवं पत्र घे. वकिलातीला स्वतः लिही की पहिलं पत्र चुकीच्या माहितीवर आहे आणि ती माहिती मी दिली. मग मोठ्या बाईंकडे जा, त्यांनी लेखणी उचलायच्या आत. हे काम तुझ्याऐवजी कुणी करू शकत नाही. करता आलं असतं तर मी केव्हाच करून टाकलं असतं.

आत्या

—

१६ मार्च

प्रिय आत्या,

रागावलीस ते ठीक, पण एक सांगतो. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. मी रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी दारात उभा, हातात एकच पिशवी, आणि डॉक्टर समोरून फिरायला निघालेले. "अरे, असा अचानक?" मी म्हणालो, "सरकारनंच पाठवलं." "तिकीट?" "सरकारनंच काढलं." "वा! आणि एकटाच आलास?" "नाही, विमानापर्यंत दोन माणसं होती सोबत." यात खोटं काय? बाकीचा सन्मान त्यांचा त्यांनी घातला. मी फक्त काढला नाही.

असो. गेलो. दवाखाना भरलेला. म्हटलं, आत चला, खाजगी आहे. ते म्हणाले, "लाजू नकोस, मूळव्याध सगळ्यांना होते." शेवटी आत गेलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "म्हणजे ते दोघे पोलीस होते?" "हो." "आणि मी त्यांच्याच सरकारला लिहून कळवलं की तुम्ही याचा सन्मान केलात?" "हो." त्यानंतर जे हसायला लागले, ते बाहेरचे पेशंट दार ढकलून बघायला आले. नवं पत्र दिलंय, साधं, चार ओळींचं. मीही वकिलातीला लिहिलंय, तू सांगितलंस तसंच.

मोठ्या बाईंकडे जाईन लवकरच.

आता तुझ्याकडची एक बातमी तुलाच कळवतो. काल पार्सल आलं. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडून. आत लोकरीची शाल, गरम पाण्याची पिशवी आणि अण्णांच्या नावाने चिठ्ठी: "अर्धांगवायूच्या झटक्यातून आपण लवकर उठून बसावे. परदेशातली नोकरी सोडून वडिलांच्या उशाशी बसणारा मुलगा भाग्यवंतालाच मिळतो. त्याला परत येण्यासाठी शिफारस लागली तर मी आनंदाने लिहीन."

अण्णा नुकतेच कॅरम जिंकून आले होते. चिठ्ठी दोनदा ऐकून म्हणाले, "मला झटका आला होता? कधी? मला कुणी बोललंच नाही!"

पिशवी त्यांना फार आवडली आहे. पोटावर घेऊन झोपले आहेत. आत्या, तुझंही पत्र येऊ दे. फोनवर नको. कागदावर नुसतं हसून भागत नाही म्हणतात.

तुझा सेवाभावी भाचा,
ढब्बू

—

२८ मार्च

ढब्बूस,

शेजारणीने मागे विचारलं होतं, "भाचा दिसत नाही हल्ली?" हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या, जिन्यात उभी होते. तोंडातून निघून गेलं, "वडील आजारी असतात." पुढचा झटका, उशाशी बसणं वगैरे तिने विचारत नेलं आणि मी मान हलवत गेले. आपल्या घराण्यात प्रत्येक गोष्टीला चांगलं कापड चढवायची खोड आहे. मला वाटत होतं ती फक्त अण्णाच्या बाजूला उतरली.

काल वर गेले. कॉलेजात वादविवादाच्या ढाली मिळवलेली बाई मी, पण तिच्या दारात आधी भाजीचे भाव काढले. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमचे भाऊ चांगले आहेत?" मी म्हटलं, "ठणठणीत." म्हणाली, "मग इतके दिवस मी त्यांची काळजी करत होते ती?" मी म्हटलं, शाल परत मागवून देते. शाल परत नको म्हणाली. शिफारस मी नको म्हटलं.

माझं झालं. आता मोठ्या बाई. त्यांचं पत्र गेल्याशिवाय वकिलात तुला मुलाखतीला बोलावणार नाही.

आत्या

—

५ मे

ढब्बूस,

एप्रिल कोरडा गेला. पत्र नाही. सूनबाईला तू फोनवर "सगळं मार्गी लागलंय" म्हणतोस. वकीलबाईंनी चौकशी केली. दुसरं पत्र वकिलातीत पोचलेलंच नाही. वकिलातीने शेवटची तारीख दिली आहे, जून लागायच्या आत आलं नाही तर अर्ज निकालात काढतील. हे सूनबाईला मी सांगितलेलं नाही.

मी दोन दिवस सूनबाई आणि चिमणीकडे राहून आले. रविवारी सूनबाईने तुझं कपाट उघडलं आणि सगळे कपडे उन्हात घातले, झटकले, घड्या घालून पुन्हा ठेवले. "येईल ना?" असं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुला मोठ्या बाईंची भीती वाटते का? त्या काय खाणार आहेत तुला? मला माझ्या शेजारणीची वाटली होती, म्हणून विचारते.

आत्या

—

१४ मे

प्रिय आत्या,

मोठ्या बाईंचं मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी मला शाळेच्या बक्षीस समारंभाला नेलं होतं. पाहुणा म्हणून! "परदेशात नाव काढलेला आपला माजी विद्यार्थी." मी मंचावर बसलो, मुलांना बक्षिसं दिली आणि "वक्तशीरपणा" या विषयावर बोललो. टाळ्या पडल्या. अशा बाईंना जाऊन काय सांगू?

आणि दुसरंही सांगतो, रागाव. एक गिऱ्हाईक आरामखुर्ची घेऊन आलं, ते निघालं एजंट. त्याने समोर बसून, मी त्याच्या खुर्चीचे पट्टे ओढत असताना, सगळं समजावलं. नावात थोडा फरक, जन्मतारीख थोडी मागेपुढे, तिसऱ्याच देशातून आत. "तुमची आत्या सांगते त्या वाटेने म्हातारे व्हाल." मी नाही म्हणालो नाही, आत्या. "बघू" म्हणालो. तो आठवडाभर रोज येत होता. तुझं पत्र आलं त्या दिवशीही आला. मी कपड्यांचं वाचलं आणि त्याला म्हटलं, "तुमची खुर्ची झाली, घेऊन जा. माझं नाव आहे तेच राहू दे. माझ्या कपाटात त्याच नावाच्या माणसाचे कपडे आहेत."

मग तसाच मोठ्या बाईंकडे गेलो. त्या लाकडी खुर्चीत ताठ बसलेल्या. मला आयुष्यात त्यांना गादी विकता आली नाही.

"बाई, मी सुट्टीवर नाही. मला तिथून हाकललं."

"बस."

बसलो. मग म्हणाल्या, "गृहपाठ केला नसलास की काय सांगायचास मला?"

"वही घरी राहिली."

"आणि मी काय म्हणायचे?"

"घरी जा आणि घेऊन ये."

"मग?"

खाली बघून म्हटलं, "घरी बसून गृहपाठ करायचो, आणि आणायचो."

"माहीत होतं मला. शाई ओली असायची. म्हणून तर पाठवायचे." मग चष्मा लावला. "वक्तशीरपणावर काय भाषण केलं होतंस रे! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आण तो कागद."

पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं, मगच सही केली. "हा कामाला चांगला आणि कागदाला वाईट आहे. मला खोटं सांगून गेला, आणि नंतर स्वतः येऊन खरं सांगून गेला. दोन्ही मी पाहिलं आहे. याला परत पाठवलं तर तो नीट वागेल असं मला वाटतं, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही."

पत्र मी स्वतः खिडकीत देऊन आलो. पोच सोबत आहे.

ढब्बू

—

२२ जुलै

प्रिय आत्या,

काल मुलाखत झाली. लिहितो, पण तू बसून वाच.

टेबलामागे एक अधिकारीबाई, शेजारी टाइप करणारा एक तरुण. बाईंपुढे डॉक्टरांची दोन्ही पत्रं. त्यांनी पहिलं वाचायला सुरुवात केली, अगदी सरळ चेहऱ्याने. "सन्मानाने" पर्यंत आल्या आणि तो टाइप करणारा खोकायला लागला. त्याला खोकला नव्हता.

"हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं डॉक्टरांनी, सांगितलं मी."

"परवाना संपल्यावर इतका काळ का राहिलात?"

याचं मोठं उत्तर पाठ करून गेलो होतो. ते आठवलं नाही. म्हटलं, "आधी आळस केला. मग उशीर झाला म्हणून भीती वाटली. भीतीमुळे आणखी उशीर झाला."

"पहिलं पत्र चुकीचं आहे हे आम्ही विचारायच्या आधीच तुम्ही कळवलंत. का?"

"आत्या ओरडली."

तो पुन्हा खोकला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "आणि आत्या ओरडली नसती तर?"

आत्या, मी तीनचार उत्तरं मनात लावून बघितली. सगळी छान होती. शेवटी म्हणालो, "तर नसतं कळवलं."

त्यांनी ते लिहून घेतलं. खूप वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, कळवू.

ढब्बू

—

४ ऑगस्ट

ढब्बूस,

असं कुणी सांगतं का रे! खरं बोल म्हटलं होतं, पण विचारलं त्याच्या पुढचंही सगळं ओतायला कुणी सांगितलं होतं? "कळवलंच असतं" म्हणायला काय झालं असतं तुला?

वरचा परिच्छेद खोडणार होते, पण ठेवते. मी काय म्हणाले ते तुझ्याकडे लेखी असू दे. तू बरोबर केलंस.

वकीलबाई म्हणतात, सांगता येत नाही. मी सूनबाईला सगळं सांगितलं, एकही गोष्ट झाकली नाही. ती म्हणाली, "त्याने असं उत्तर दिलं? त्याने?" मग गाडी धुवायला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. नाही म्हणाले तर पुढे काय, हे आपण तेव्हा बघू. मी आहे.

आत्या

—

२९ ऑगस्ट

आत्या,

परवानगी आली!!

बायकोला फोन केला, ती बस चालवत होती, नियमाप्रमाणे तिने उचलला नाही. म्हणून पहिलं तुला लिहितोय. अण्णांनी बातमी ऐकून डॉक्टरांना कॅरममध्ये मुद्दाम जिंकू दिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुदत कधी संपते ते आधी वाच." वाचली. ती संपायच्या खूप आधी काय करायचं तेही वाचलं.

ढब्बू

—

९ सप्टेंबर

ढब्बूस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी वरच्या शेजारणीकडे गेले. ती रडली, मी नाही. थोडा वेळ तिच्याकडेच बसले.

विमानतळावर रांगेत उभा राहा. विनोद करू नकोस. "यापूर्वी तुम्हाला या देशातून काढलं होतं का?" असं विचारतील. "हो" म्हण. स्पष्ट म्हण. घरी पोचल्यावर पत्र टाक. फोन नको, सवय मोडू नकोस.

आत्या

—

२७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पोचलो.

खिडकीतल्या माणसाने विचारलं. मी इतकं स्पष्ट "हो" म्हणालो की मागची सगळी रांग एक पाऊल मागे सरकली. त्याने पडद्यावर बघितलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि "पुढचे" म्हणाला. बस, इतकंच! मी तिथेच उभा. तो म्हणाला, "जा की आत."

बायको गणवेशातच आली होती, कामाची पाळी संपवून. तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, आणि हात तिथेच ठेवला. चिमणी तिच्या मागे. फोनवर इतकी बडबड करणारी पोर, समोर आल्यावर माझ्या बुटांकडे बघत राहिली. रात्री मी हात धुवून आलो तेव्हा माझ्या खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "ही तुमची. मी धरून ठेवली होती."

आज सकाळी तिला शाळेत सोडायला तिच्या आईच्याच बसने गेलो. मी चढलो आणि आत्या, मला कळेना कुठे बघू. नेहमीचे प्रवासी, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, आणि मी नवा. मनात जुळवाजुळव चालू होती, कुणी विचारलं तर काय सांगायचं. तेवढ्यात चिमणी सीटवर उभी राहिली आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझे बाबा! यांना हाकललं होतं!"

मी मेलो. पण कुणी दचकलंच नाही. पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळून म्हणाले, "अच्छा, हेच का ते? आले का?" मागून एक बाई म्हणाली, "चिमणी तुमच्याबद्दल रोज सांगते." आरशातून बायको माझ्याकडे बघत होती. तिने इथे कधीच काही झाकलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की गाव फसवत बसलो होतो तो मी तिकडे, इकडे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे वाट बघत होते.

आजोबा सरकले, मी बसलो. त्यांनी चिमणीला विचारलं, "मग आता पुन्हा नाही ना नेणार यांना?"

"नाही," ती म्हणाली. "या वेळी ते सगळं सांगून आलेत."

तुझा,
ढब्बू